ढोपर म्हणजे हाताचं की पायाचं? हाडांचे आपले शब्द

निरगुडी
मंडळी, गेल्या महिन्यात माझी आत्या चिपळूणहून पुण्याला आमच्याकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी जिन्यावरून घसरली. वय ७४. कोपर चांगलंच सोललं होतं, रक्त येत होतं. जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिचं एकच, "माझं ढोपर गेलं हो, ढोपर." तिथल्या तरुण डॉक्टरांनी कोपराचा एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले आणि मलमपट्टी करून घरी पाठवलं. त्यांना दोष कसा देऊ? मी शेजारीच उभी होते आणि मलाही तेच वाटलं होतं. आमच्या घरात ढोपर म्हणजे हाताचं. "ताटाशेजारी ढोपरं टेकवून जेवू नकोस" हे ऐकतच मी मोठी झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत्याचा गुडघा नारळाएवढा झाला. पुन्हा दवाखाना, पुन्हा एक्स-रे. गुडघ्याच्या वाटीला आडवी चीर. आत्या रडली नाही, फक्त म्हणाली, "काल घसा फोडून सांगत होते गो, ढोपर म्हणून." तिच्याकडे ढोपर म्हणजे गुडघा. दीड दिवस ती त्या मोडक्या वाटीवर संडासापर्यंत चालत गेली. हे माझ्या मनातून जात नाही.

आता तिचा पाय सरळ पट्ट्यात आहे आणि मी तिच्या पलंगाशी बसून हाडांचे शब्द गोळा करतेय. नडगी, खुबा, माकडहाड, बरगडी, घोटा, मणका. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला यातले नडगी (गुडघ्याखालचं पुढचं हाड) आणि खुबा (मांडी कमरेला जुळते तो सांधा) माहीतच नव्हते. तुमच्या घरात कुठल्या हाडाला काय म्हणतात ते लिहाल का? कोशातलं नको, कानावर पडलेलं हवंय. कुठल्या भागातलं ते जरूर लिहा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

वऱ्हाडवाट
ताई, आमच्या अमरावतीकडे ना ढोपर ना गुडघा, आमचा टोंगळा. बोलताना टोंगया. "टोंगये दुखून राह्यले" असं म्हातारी माणसं रोज म्हणतात. माझी आई मुंबईला माझ्याकडे येते तेव्हा डॉक्टरांसमोर आधी हात लावून दाखवते आणि मग बोलते. तुमचं वाचून आता कळतंय, ती किती शहाणी आहे.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्या कोंकणीत धोंपर म्हणजे गुडघा आणि कोंपर म्हणजे हाताचं. दोन्ही शब्द अगदी शेजारी शेजारी, पण घोटाळा कधीच होत नाही. म्हणजे तुमच्या आत्याबाई बरोबरच बोलत होत्या, किनाऱ्याकडचा जुना अर्थ तोच आहे. मराठीतही 'ढोपरभर पाणी' म्हणतात ते गुडघ्याइतकंच ना? आणि ज्याच्याशी संबंधच नको त्याला नमस्कार करायचा तो 'कोपरापासून'. वाक्प्रचारांनी हात आणि पाय नीट वेगळे ठेवले आहेत, बोलण्यात मात्र ते एकमेकांत मिसळले.

एक गंमत. आमच्याकडे 'हाड' म्हणजे हाड, आणि 'हाड' म्हणजे आण. "उदक हाड" म्हटलं की पाणी आणायचं. माझी नागपूरची सून पहिल्या आठवड्यात फार गोंधळली होती.

साधाप्रश्न
विषय चांगला आहे, पण व्यवहारात याचा उपयोग काय? रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर शिकले इंग्रजीत, विम्याचे कागद इंग्रजीत. पटेला, फीमर (मांडीचं हाड), टिबिया हेच शब्द सगळ्यांनी शिकून घेतले तर आत्यांसारखा प्रसंगच येणार नाही. मराठी प्रतिशब्द तर त्याहून अवघड. गुडघ्याच्या वाटीला जानुफलक म्हटलं तर मला तरी काय कळणार?

ऑर्थो_सोलापूर
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं सोलापुरात. साधाप्रश्न, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जानुफलक मीही ओपीडीत कधी वापरलेला नाही. पण तुम्ही सांगितलेले ते परके शब्द मुळात काय आहेत ते बघा. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. आपली आजी वाटी म्हणते, रोमन आजी ताटली म्हणत होती, एवढाच फरक. टिबिया हा नडगीच्या हाडाचा शब्द, आणि तोच त्यांचा पाव्याचाही शब्द. आपण नळी म्हणतो. पेल्विस म्हणजे पसरट भांडं, आपली परातच समजा. खुब्याच्या खळग्याला ॲसिटाब्युलम म्हणतात, म्हणजे जेवणाच्या वेळी शिरका (व्हिनेगर) ठेवायची वाटी. गळ्याखालच्या हाडाचा क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. माकडहाडाला कॉक्सिक्स म्हणतात कारण ग्रीकांना त्यात कोकिळेची चोच दिसली, आपल्याला माकडाचं शेपूट दिसलं. मला विचाराल तर आपलं नाव जास्त नेमकं आहे, कारण ते हाड म्हणजे खरोखरच शेपटीचा उरलेला अवशेष, तीन ते पाच चिमुकले मणके एकत्र जुळलेले.

सांगायचं हे की त्यांच्या शास्त्राने स्वयंपाकघरातले शब्द उचलले आणि कोणाला कमीपणा वाटला नाही. आपण मात्र वाटी, नळी, खुबा घरी ठेवले आणि शास्त्रासाठी जानुफलक घडवला.

उपयोगाचं म्हणाल तर तो रोज होतो. "खुब्यात कळ येते" असं म्हातारबाबा म्हणाले की मी लगेच मांडी फिरवून बघतो. पडल्यावर पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि किंचित आखूड दिसत असेल तर खुब्याशी मांडीच्या हाडाची मान मोडली असणार, हे एक्स-रेच्या आधीच कळतं. नवीन निवासी डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांना खुबा, नडगी, उसण, लचक, चमक हे शब्द वहीत लिहायला लावतो. ढोपराचा घोळ मला माहीत होता. टोंगळा आजपासून वहीत जाईल.

फसवे शब्दही आहेत. शीर म्हटलं की रक्तवाहिनी, चेतातंतू आणि स्नायूबंध यांतलं काहीही असू शकतं, म्हणून बोट लावून घ्यावंच लागतं. आणि "मणक्यात गॅप आहे" हे तर रोज दहा जण सांगतात. दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी, तिथे गादी असते. वयाने गादी चेपते आणि ती जागा कमी होते. म्हणजे घडतं नेमकं उलट, आणि माणूस घाबरून वर्षभर वाकत नाही. 'गादी' हा शब्द मात्र अप्रतिम. तो वापरला की पेशंटला पुढचं सगळं समजतं.

निरगुडी
डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला. "शिरक्याची वाटी" ऐकून खूश झाली.

पाटावरवंटा
कोल्हापूर. आम्हाला हाडं मटणाच्या दुकानात शिकवली. वडील मला सहाव्या वर्षापासून रविवारी बरोबर न्यायचे. फरा म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट, मग मांडी, सीना, चाप, गर्दन आणि नळी. नळी घ्यायची ती दोन्ही टोकं शाबूत असलेली, म्हणजे आतला ऐवज रश्श्यात सांडत नाही. घरी आल्यावर ताटावर ठक्ठक् आपटून ती चोखायचा मान धाकट्याचा. बरगडीच्या टोकाशी जो पांढरा, दाताखाली करकर वाजणारा भाग असतो त्याला आम्ही कवळं हाड म्हणतो. शाळेत त्याच वस्तूला कूर्चा शिकवली तेव्हा मला तिची ओळख आधीपासून होती.

आणि ज्या नळीसाठी भावंडांत भांडणं व्हायची तिच्यातच रक्त तयार होतं हे नववीत कळलं. त्या दिवशी जेवताना मी नळीकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

पोथीवाचक
पाटावरवंटा, तुमची नळी आणि तुमचं कवळं हाड दोन्ही सुश्रुतसंहितेत आहेत. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. कपाल म्हणजे खापरीसारखी चपटी, यात डोकं, खांदा, गुडघा आले. रुचक म्हणजे दात. वलय म्हणजे वळलेली, बरगड्यांसारखी. नलक म्हणजे नळीसारखी लांब. आणि तरुण म्हणजे नाक, कान यांतली मऊ हाडं. तरुण आणि कवळं, अर्थ तोच! मी संस्कृत शिकवतो, पण हा दुवा मला आज तुमच्या मटणाच्या दुकानामुळे लागला. मनापासून आभार.

सांध्यांचे तर आठ प्रकार दिले आहेत. त्यातला एक उलूखल, म्हणजे उखळ. तो कुठे, तर काखेत, जांघेत आणि दातांच्या मुळाशी. आज शाळेच्या पुस्तकात खांदा आणि खुबा यांना उखळीचा सांधा म्हणतात, उपमा तीच. कवटीच्या हाडांच्या जोडाला तुन्नसेवनी असं नाव आहे, म्हणजे शिवण. जबड्याच्या सांध्याला वायसतुण्ड, म्हणजे कावळ्याची चोच. ग्रीकांची कोकीळ माकडहाडावर, आपला कावळा जबड्यावर.

संख्या मात्र आजच्यापेक्षा वेगळी. सुश्रुत शल्यतंत्रानुसार हाडं ३०० सांगतो, चरक ३६०. आजचं शास्त्र मोठ्या माणसात २०६ मोजतं. याला चूक म्हणण्याआधी काय मोजलंय ते पाहावं. चरकाने ३२ दात, त्या दातांची ३२ उखळं आणि २० नखंही हाडांत धरली आहेत. सुश्रुतानेही दात आणि तरुण हाडं धरली आहेत.

ऑर्थो_सोलापूर
पोथीवाचक सर, त्यात एक भर. २०६ हाही जन्मापासूनचा आकडा नाही. तान्ह्या बाळाची हाडं मोजली तर ती २७० च्या पुढे भरतात, कारण पुढे जुळणारे तुकडे तेव्हा सुटे असतात. पाठीच्या कण्यात सुरुवातीला ३३ मणके असतात. मग कमरेखालचे पाच जुळून एक त्रिकास्थी होते, शेवटचे चार जुळून माकडहाड, आणि उरतात २६. आणि या २०६ पैकी १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत आहेत, एका हातात २७, एका पावलात २६.

पांढरी_साडी
निवृत्त परिचारिका, नंदुरबार जिल्हा. डॉक्टरांनी बाळाचा विषय काढला म्हणून टाळूबद्दल लिहिते.

बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा म्हणजे टाळू. पोथीवाचक सर ज्याला शिवण म्हणाले ती तिथे अजून घातलेली नसते. पुढची टाळू साधारण दीड वर्षाची होईपर्यंत भरते. आमच्या बायका तिच्यावर तेल थापतात, त्यालाही 'टाळू भरणं' म्हणतात. तेलाने हाड भरत नाही, ते आपल्या वेळेने भरतं. पण रोज तिथे आईची बोटं फिरतात आणि म्हणून तिला बदल आधी कळतो, हे मी चाळीस वर्षं पाहिलं.

पावसाळ्यात पाड्यावरून बाई यायची आणि एवढंच म्हणायची, "टाळू पडली." नवीन आलेल्या एका डॉक्टरांना वाटलं बाळ डोक्यावर पडलं. मी म्हटलं, सर, आधी हात लावून बघा. टाळू खोल गेली होती, बोटाला खड्डा लागत होता, ओठ कोरडे, बाळ रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही. जुलाबाने सुकलं होतं. बाईने दोन शब्दांत रोगाची खूण सांगितली होती. जुन्या बायका अशा वेळी टाळू वर उचलायचे उपाय करतात, त्यात वेळ जातो आणि बाळही जातं. शब्द त्यांचा बरोबर, उपाय मात्र मीठसाखरेचं पाणी आणि दवाखाना. मी प्रत्येक बैठकीत हेच सांगायचे: टाळू पडलेली तुम्हाला दिसते ना, मग तीच बघून धावत या.

दुसरा शब्द मुडदूस. ड जीवनसत्त्व कमी पडून मुलांची हाडं मऊ राहतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, मनगटं जाड होतात. मुडदूस म्हटलं की आजीला कळतं. रिकेट्स म्हटलं की ती नुसती मान हलवते.

साधाप्रश्न
ताई, "टाळू पडली" वाचून अंगावर काटा आला. माझा आधीचा प्रतिसाद मी बदलतो. रिपोर्टचे शब्द शिकावेत, पण घरचे विसरून नाही.

वऱ्हाडवाट
पांढरी साडी ताई, तुम्हाला साष्टांग.

घोडनदी
मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी. हाडांचा विषय आणि पुणे म्हटलं की इनामगावबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी होती. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, मातीची घरं, आणि त्या घरांच्या जमिनीखालीच पुरलेली माणसं. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून आत ठेवलेलं. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून आडवं, आणि बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली. गेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असं अभ्यासक मानतात.

मी स्वतः दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होतो. हाड दिसायला लागलं की लोखंडी हत्यार बाजूला ठेवायचं, बांबूची काडी आणि ब्रश घ्यायचा. आम्ही वहीत 'सांगाडा' लिहायचो. गावातले मजूर मात्र सापळा म्हणायचे, आणि त्यातल्या एका बाबांनी तर तो शब्दही धरला नाही. माती झटकताना बरगडीची कड उघडी पडली तेव्हा ते चप्पल काढून ठेवून म्हणाले, "अस्थी आहेत, हळू." त्या दिवसापासून मला कळलं की मराठीत हे दोन शब्द दोन जागी राहतात. जिवंत माणसाचं हाड मोडतं. गेलेल्या माणसाच्या अस्थी सावडतात. नाशिकला रामकुंडावर कोणी "हाडं आणलीत" असं म्हणणार नाही.

शाळूची_भाकर
खरंय घोडनदी. आणि जिवंतपणीच्या हाडाला केवढी प्रतिष्ठा आहे बघा. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी. 'हाडीमाशी खिळणं'. लेकरांसाठी 'हाडाची काडं' करणं. वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकलं की ते 'हाडवैर'. जे आतपर्यंत गेलंय, सोलून निघणार नाही, ते मराठी माणसाला हाडात दिसतं.

आणि बेजबाबदार बोलणाऱ्याला आपण "तुझ्या जिभेला काही हाड?" असं विचारतो. डॉक्टर, यावर काही सांगाल?

ऑर्थो_सोलापूर
जिभेत हाड नाही, पण जिभेच्या मुळाशी एक आहे. घोड्याच्या नालेसारखं छोटंसं, कंठास्थी. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही, ते स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने टांगलेलं असतं. गिळताना गळ्याला हात लावलात तर वरखाली होताना जाणवेल. जीभ त्याच्याच आधाराने हलते. तेव्हा हाड आहे, जरा खाली आहे.

लहान हाडांचं निघालंय तर कानातली तीन सांगतो: हातोडा, ऐरण, रिकीब. यातली रिकीब साधारण ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. लोहार आणि घोडेस्वार दोघेही कानात. हे मराठी शब्द कोणी योजले माहीत नाही, पण त्यांना माझा नमस्कार.

पाटावरवंटा
आमच्याकडे हाडवैद्याकडे जायची पद्धत अजून आहे. माझा चुलतभाऊ आठवीत असताना झाडावरून पडला, हात मोडला. गावातल्या वैद्याने बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. रात्री पोराची बोटं काळीनिळी. चुलत्यांनी मध्यरात्री ट्रॅक्टरवरून शहरात नेलं, तिथे आधी बांधणी कापली. हात वाचला, पण दोन बोटं आजही पूर्ण वळत नाहीत. हाडवैद्यांना हाताचं ज्ञान असतं, मी नाकारत नाही, कित्येकांचे निखळलेले खांदे त्यांनी बसवलेत. पण बांधल्यावर बोटं गार पडली, बधिर झाली, रंग बदलला, तर एक मिनिट थांबू नका. ते सोडवाच.

ऑर्थो_सोलापूर
शब्दन् शब्द खरा. प्लास्टरलाही हाच नियम.

शाळूची_भाकर
मोडलेल्या हाडावर आमच्याकडे कांडवेल वाटून लावायचे, तिलाच हाडसांधी म्हणतात. चौकोनी, हिरवीगार, पेरापेराची वेल. हातात घेतली की बोटांची पेरंच वाटतात. संस्कृत नावही अस्थिशृंखला, म्हणजे हाडांची साखळी. पेर हा शब्द उसालाही, बोटालाही आणि या वेलीलाही.

निरगुडी
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! काल आत्याच्या तपासणीला गेलो होतो. चीर जुळत आलीय, अजून दोन आठवडे पट्टा. या वेळी मी आधीच सांगितलं, "डॉक्टर, ही ढोपर म्हणते तो गुडघा." त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं, आणि परवाच्या चुकीबद्दल तिची माफीही मागितली. आत्या म्हणाली, "तुमचं काय चुकलं? आमच्याकडे या एकदा, म्हणजे कळेल."

घरी येऊन हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. ती कोंकणीवाल्यांना विचारायला सांगतेय. तिच्याकडे टाचेला खोट म्हणतात आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीला लवण. पट्ट्यामुळे तिथेच तिला सारखी खाज येते. तुमच्याकडे आहेत का हे शब्द?

मांडवीकाठ
खोट आमचीच! टाचेला दुसरं काही म्हणतच नाही. लवण मात्र मी ऐकलेला नाही. उद्या आईला विचारून सांगतो. आत्याबाईंना म्हणावं, पट्ट्यात पट्टी किंवा सळई घालून खाजवू नका, कातडी सोलते.

शाळूची_भाकर
लवण आमच्या साताऱ्याकडे आहे की. लहानपणी दिवसभर रानात चालून आलं की आजी लवणीत तेल लावून चोळायची. निरगुडी ताई, माझ्या गच्चीत कांडवेल भरपूर आहे. एक पेर खोचलं तरी लागते. कोथरूडला येणं झालं तर आत्यांसाठी घेऊन जा, औषधाला नको, कुंडीत लावायला.